फाटक्या हातमोज्यांचं तोरण

सोलापुरात कुठेही शिट्टी वाजली, की मी आधी जागच्या जागी थांबते आणि मग मागे वळून बघते. कॉलेजच्या मैदानावर कबड्डी चाललेली असते, पंच शिट्टी फुंकतात आणि मी पुस्तकं छातीशी धरून वाटेतच उभी. मैत्रिणी हसतात. त्यांना मी एवढंच सांगते की मी जिथे काम करत होते तिथे एक शिट्टी म्हणजे ‘थांबा’ आणि दोन शिट्ट्या म्हणजे ‘चला’. ही सवय मला मामांनी लावली.

मामा माझ्या नात्यातले कोणी नाहीत. ते कचऱ्याच्या गाडीवरचे मुकादम. लहानथोर सगळेच त्यांना मामा म्हणायचे. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, कारण आपल्याला न विचारता आपलं नाव कागदावर आलेलं त्यांना चालत नाही. हे मला इतरांपेक्षा जास्त चांगलं माहीत आहे, आणि ते सांगायची वेळ आली की अजून माझे कान गरम होतात. म्हणून आधी सोप्या गोष्टी सांगते.

आमचं गाव मोडनिंबजवळ. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कॉलेजात कसं वागायचं, काय विचारायचं, हे सांगणारं कोणी नव्हतं. सोलापुरात आत्याकडे राहून मी बी.कॉम. करत होते. आत्याच्या शेजारी शबाना आपा राहायच्या. त्या कचऱ्याच्या गाडीवर काम करायच्या. महापालिकेची घंटागाडी घरोघरी जाते, ती ही नव्हे. ही एका मालकाची खाजगी गाडी होती. हॉटेलं, मंगल कार्यालयं, टॉवेलचे कारखाने, दुकानांची कॉम्प्लेक्स, असल्या धंद्यांचा कचरा ती रोज सकाळी उचलायची. एक नवं मोठं हॉटेल मालकांना काम देणार होतं, पण त्यांची अट होती की कामगारांच्या सुरक्षेची वही रोजच्या रोज लिहिलेली पाहिजे. मालकांना लिहिणारं माणूस हवं होतं. आपांनी माझं नाव सांगितलं. सकाळी सहा ते दहा काम, मग अकराचं कॉलेज. मला ते फारच सोयीचं वाटलं.

पहिल्या दिवशी यार्डात गेले, तर गेटजवळ एक ठेंगणा माणूस उभा. उन्हाळा सुरू झालेला, तरी शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावलेली, पायात गुडघ्याएवढे गमबूट, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि गळ्यात लाल नाडीला बांधलेली शिट्टी. माझ्याकडे न बघता ते माझ्या पायांकडे बघत होते. नंतर मला कळलं, की कोणीही नवीन आलं की मामा आधी पाय बघतात, मग हात, आणि तोंड सगळ्यात शेवटी.

“देवळात जाताना काढायच्या चपला तू हितं घालून आलीस व्हय?” ते म्हणाले.

“मी फक्त लिहायला आले आहे,” मी म्हणाले.

“लिवायला काय हवेत उडत लिवणार हायस? पायावरच उभी ऱ्हाशील की.”

मग त्यांनी कोपऱ्यातलं एक पांढरं पोतं मला दाखवलं. “तेवढं त्या भितीपतुर ने.”

पोतं फार जड नव्हतं. गावाकडे आम्ही वैरणीची पेंडी उचलतो तसं मी ते कमरेवर घेतलं, एका गुडघ्यानं आधार दिला आणि भिंतीपर्यंत गेले. मला वाटलं, मी किती कामसू आहे हे आता दिसलं असेल. तेवढ्यात शिट्टी वाजली. आजूबाजूची सगळी माणसं होती तिथे थांबली. मीही थांबले.

“आता सलवार बग,” मामा म्हणाले.

सलवारीवर निळे डाग पडले होते. गुडघ्यावर, मांडीवर, आणि कुर्त्यावर पोटाच्या जागी एक मोठा. पोत्यात टॉवेलच्या कातरणी होत्या आणि त्या निळीच्या पाण्यात भिजवलेल्या होत्या. मामा एक काडी घेऊन आले आणि लांबूनच एकेक डाग दाखवायला लागले.

“ह्यो डाग म्हंजी बाटलीची काच. ह्यो मांडीवरचा, फुटकी ट्यूबलाइट. आन् ह्यो पोटावरचा म्हंजी पत्र्याची कड. सकाळपासनं तीनदा मेलीस तू. पोत्याला नरड्याला धरायचं, आन् अंगापासनं लांब. लेकरू न्हाय ते, कडंवर घ्यायला.”

शबाना आपा बाजूला उभ्या राहून हसत होत्या. “रो मत गे,” त्या मला म्हणाल्या, “सबकू येकदा नीला करते ये.”

मी तशीच कॉलेजला गेले. दिवसभर वही मांडीवर ठेवून बसले. सुट्टीत गावी गेल्यावर आईनं ती सलवार दोनदा धुतली आणि मग विचारलं, “रंगपंचमी होऊन किती दिवस झाले गं?”

मामांकडे बिस्किटाचा एक जुना डबा होता. नव्या माणसाला निळं करून झालं, की दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तो डबा उघडला जायचा. आत खिळे होते, काचा होत्या, मोडलेली पाती होती, एक सळईचा तुकडा होता. ही सगळी कोणाच्या तरी अंगातून निघालेली. मामा एकेक चिमट्यानं उचलायचे आणि पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसं सांगायचे. “ह्यो डायवरच्या टाचंतला. त्यानं पोत्यावर पाय दिऊन दाबलं हुतं. ही पत्ती एका पोराच्या तळहातातली. त्यो आता पुण्याला हाय, बरा हाय, पर दोन बोटं वळत न्हाईत.” शेवटी हिरव्या बाटलीचा एक तुकडा यायचा. तो ते बराच वेळ चिमट्यात धरून ठेवायचे. “ह्यो माझ्या पोटरीतला. तवा मला कुणी निळीचं पोतं दिलं न्हवतं.” एवढं बोलून डबा बंद. त्यापुढे कोणी काही विचारलं की ते शिट्टी पुसायला लागायचे.

गाडीच्या मागे कचरा आत दाबणारी एक लोखंडी फळी होती. ती चालू असताना पाच पावलांच्या आत कोणी यायचं नाही, म्हणून मामांनी थांब्याथांब्यावर खडूनं रेघ मारायची पद्धत पाडली होती. मंगल कार्यालयासमोर रेघ, हॉटेलच्या मागच्या बोळात रेघ. एकदा एका लग्नघरची मावशी साडी सावरत ती रेघ ओलांडायला निघाली, तर मामांनी एवढी जोरात शिट्टी मारली की आतल्या मांडवात सनईवाले थांबले. मावशी चिडली. मामा म्हणाले, “आक्का, नवरी जाऊ दे सासरी. तुमी कशाला जाताय गाडीत?”

ते दुकानदारांनाही सोडायचे नाहीत. दारात आणून ठेवलेली पिशवी लगेच उचलायची नाही, आधी विचारायचं: “आत काय हाय? काच? सुई? ॲसिड?” लोक वैतागायचे. एक मोबाइलवाला रोज सांगायचा, “मामा, आत सोनं आहे.” मामा रोज तितक्याच गंभीरपणे उत्तर द्यायचे, “मग येगळ्या पिशवीत घाल.”

पण त्यांची सगळ्यात अवघड सवय वेगळीच होती. ऊन वाढलं की चहाच्या वेळी ते एकेका माणसासमोर उभे राहून विचारायचे, “रंग काय?” म्हणजे लघवीचा रंग. ‘पाण्यासारखा’ म्हटलं की पुढे. ‘चहासारखा’ म्हटलं की तिथेच बसवून दोन तांबे लिंबूपाणी, मीठ-साखर घातलेलं, आणि पिऊन होईपर्यंत गाडी हलायची नाही. मला ते स्वतः विचारायचे नाहीत. माझ्याकडे पाठ करून आपांना सांगायचे, “आपा, तिला रंग इचारा.” आपा माझ्या कानात विचारायच्या, मी त्यांच्या कानात सांगायचे, आणि आपा सगळ्या यार्डाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, “मामा, लिंबू लाव!”

एकदा एका हॉटेलचे मॅनेजर टाय घालून मागच्या दारात आले होते. त्यांची काहीतरी तक्रार होती. मामांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, “रंग काय?” मॅनेजर भिंतीच्या रंगाबद्दल बोलू लागले. आपांनी तोंडाला ओढणी लावली. मामांनी नीट समजावून सांगितलं. मॅनेजर लालबुंद झाले. “लाजताय कशापाय? दिसभर एशीत बसताय, पाणी पीत नसाल. तुमचा लई पिवळा असणार.” दुसऱ्या आठवड्यात तेच मॅनेजर गाडीजवळ आले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, “मामा, आता बरा आहे.”

आता तोरणाबद्दल सांगते. मालकांच्या ऑफिसच्या दारावर एक तार होती. कोणाचा हातमोजा फाटला, की मामा तो धुऊन, वाळवून त्या तारेला अडकवायचे. मी कामाला लागले तेव्हा तारेवर पाच-सहा हातमोजे होते. दोन-तीन महिन्यांत ती तार भरून गेली. वाऱ्यानं ते हातमोजे हलायचे आणि कोणीतरी बोलावतंय असं वाटायचं.

“मुकादम, हे काढा,” मालक म्हणायचे. “भेटायला येणारी माणसं विचारतात.”

“नवी जोडी आली की येक काढतू मालक. म्या काय हौसंनं लावलंय?”

“पुढच्या महिन्यात आणू.”

“मग पुडच्या महिन्यात काढू.”

मालक वाईट माणूस नव्हते. ते विसरायचे, एवढंच. डिझेल विसरून चालत नाही, टायर विसरून चालत नाही. हातमोजे विसरून चालतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचे, की मुकादमाची श्रद्धा आहे, दृष्ट लागू नये म्हणून लावलंय.

आणि आता वही.

वहीत रोजचं एक पान होतं. गमबूट, हातमोजे, ब्रेक, फळी, पिण्याचं पाणी, असे रकाने. खाली लिहिणाऱ्याची सही आणि मुकादमाची सही. मुकादमानं स्वतः बघून सही करायची, अशी ओळ छापलेली होती. पहिले काही दिवस मी इमानदारीनं लिहिलं. पण गाडी सहाला निघायची, मामांना घाई असायची, आणि वही घेऊन त्यांच्या मागे पळायला मला संकोच वाटायचा, त्यामुळे त्यांच्या सहीची जागा रिकामीच राहायची. मग माझी सहामाही परीक्षा आली. एका रविवारी मी येणाऱ्या आठवड्याची सगळी पानं एकदमच भरून टाकली. सगळीकडे ‘ठीक’. सोमवारी सहीसाठी मामांसमोर वही धरली.

त्यांनी पानं उलटली. वाचायला त्यांना वेळ लागायचा, पण ते वाचायचे.

“ह्ये काय, गुरवारचं?”

“हो.”

“आज सोमवार हाय.”

“हो.”

“गुरवारी हातमोजे चांगले असणार, ह्ये तुला आज कळलं? जोतिषी हायस का?”

सही न करताच त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. त्या दिवसापासून मी जोतिषी झाले. “जोतिषी आली का?” “जोतिषीला चहा द्या.” गाडीवरचे सगळेच म्हणू लागले. मी हसायचे, पण खरं सांगायचं तर मला फार लागलं होतं. आणि लागलं म्हणून मी जे करायला हवं होतं ते केलं नाही. पुन्हा त्यांच्यासमोर वही धरायचं धाडस मला होईना. मालक विचारायचे, “मुकादमाची सही घेतेस ना?” मी मान हलवायचे. आणि रविवारी आत्याच्या घरी, भाताची शिटी होईपर्यंत, मी पुढच्या आठवड्याची सात पानं लिहायचे आणि सातही पानांवर मामांची सही करायचे. मामांची सही मी कधी बघितलेली नव्हती. मी आपली एक वळणदार, शेवटी शेपटी काढलेली सही तयार केली. चार महिने मी ती करत होते.

यात कोणाचं काय बिघडतंय, असं मला तेव्हा वाटायचं. वही माझ्याच पिशवीत राहायची आणि ते हॉटेल अजून नुसतंच ‘बघू’ म्हणत होतं.

मग एका गुरुवारी सकाळी गाडी वेळेच्या आधीच यार्डात परत आली, कचऱ्यानं भरलेली. केबिनमध्ये शबाना आपा डावा हात उजव्या हातात धरून बसल्या होत्या. मामांनी खिडकीतून मला हाक मारली, “जोतिषी, चल. लिवायचं काम हाय.”

झालं असं होतं, की एका कॉम्प्लेक्समध्ये दुकानांच्या पिशव्यांत एक काळी पिशवी होती. वर एक लहानसा खाजगी दवाखाना होता. दवाखान्याचा कचरा वेगळा जातो, आमच्या गाडीत तो यायलाच नको होता. मामा नेहमीसारखे विचारत होते, तेव्हा दुकानदार म्हणाला, आत कागद आहेत. आपांनी पिशवी नरड्यालाच धरली होती, अंगापासून लांबच धरली होती. पण हातमोज्याची दोन बोटं फाटलेली होती. सुई बरोबर तिथून गेली.

मामांनी एक शिट्टी मारून सगळं थांबवलं होतं. बोट दाबू दिलं नाही, तोंडात घालू दिलं नाही. नळाखाली धरून साबणानं धुवायला लावलं. सुई चिमट्यानं उचलून प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीत टाकली. आणि रिक्षा शोधण्यात वेळ घालवायचा नाही म्हणून अख्खी गाडीच सरकारी दवाखान्याकडे वळवली. वाटेत मला घ्यायला थांबले, कारण केस पेपर भरायला लिहिणारं माणूस हवं.

दवाखान्याच्या गेटवर वॉचमन नाक धरून धावत आला. “ओ, ही गाडी कुठं आत घालता? बाहेर काढा आधी!”

मामा खाली उतरले, त्याच्या पायांकडे बघितलं, हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे. “दादा, तुला वास येतोय, ह्ये बरं हाय. तिला आत सोड, म्हंजी वास लवकर जाईल.”

त्यानं सोडलं.

आतल्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी सगळं विचारलं आणि मी केस पेपरवर नाव, वय, पत्ता लिहीत होते. “हातमोजे घातले होते का?” त्यांनी विचारलं.

“हौ,” आपा म्हणाल्या.

“मग सुई लागली कशी?”

आपांनी खिशातून हातमोजा काढून टेबलावर ठेवला. त्यातून त्यांची दोन बोटं कशी बाहेर यायची, ते घालून दाखवलं. सुईतून एड्सची लागण होऊ नये म्हणून त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या. महिनाभर घ्यायच्या, मळमळ होईल, मध्ये सोडायच्या नाहीत, आणि मग पुन्हा पुन्हा तपासणी. माझ्या पायाशी माझी कॉलेजची पिशवी होती आणि पिशवीत वही होती. त्या वहीत आजच्या गुरुवारच्या पानावर, रविवारीच लिहिलेलं होतं: ‘हातमोजे – सर्वांचे ठीक’. खाली शेपटी काढलेली सही.

त्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. पण काही बोललेही नाही.

मालक घाबरले होते, ते साहजिक होतं. त्यांनी आधी माझ्याकडून वही घेऊन उघडली. वाचल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. “हातमोजे तर ठीक होते की. मुकादमानं बघून सही केलीय. म्हणजे आपानं दुसराच कुठला तरी जुना घातला असणार.” मामा तेव्हा यार्डात गाडी धूत होते. शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी पहिल्यांदा मी एकही पान लिहिलं नाही. भाताच्या शिट्या मोजत बसले.

सोमवारी त्या मोठ्या हॉटेलचे सुरक्षा अधिकारी आले. अपघाताचं त्यांच्या कानावर गेलं होतं. मामांनी त्यांचे पाय बघितले. जाड तळव्याचे बूट होते. “माणूस बरा हाय,” मामा पुटपुटले. अधिकारी दाराशी थांबून तारेकडे बघत राहिले. “हे काय?”

“मुकादमाची श्रद्धा,” मालक म्हणाले. “दृष्ट लागू नये म्हणून.”

आत मालक, ते अधिकारी, मामा, आपा आणि मी. आपांचा चेहरा गोळ्यांनी पांढरा पडला होता. अधिकाऱ्यांनी गुरुवारचं पान मोठ्यानं वाचलं. मग त्यांनी आपांकडे बघितलं. आपा म्हणाल्या, “मैं झूट नै बोलती साब. फटेला था.”

मालक मामांकडे वळले. “मुकादम, इतकी वर्षं झाली, तुम्हाला मी कधी उलट विचारलं नाही. पण एक तर तुम्ही न बघता सही केलीत, नाहीतर ही खोटं बोलतेय. दोघांपैकी एकाला घरी जावं लागेल. कोणाला, ते तुम्हीच सांगा.”

मामांनी वही हातात घेतली. शर्टाच्या टोकानं चष्मा पुसला. एक काच, मग दुसरी. सहीवर बोट ठेवून ते तिच्या शेपटीपर्यंत गेले.

“सही लई झ्याक हाय,” ते म्हणाले.

“तुमची आहे ना?”

मामांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. आधी माझ्या पायांकडे. त्यांनीच घ्यायला लावलेले बूट होते. मग हातांकडे, बोटांना शाई लागलेली होती. आणि शेवटी तोंडाकडे.

मग त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि तिथे, त्या लहानशा खोलीत, एक शिट्टी मारली.

सगळे थांबले. मालकांचा कप ओठांपर्यंत येऊन थांबला. बाहेर मागे येत असलेली गाडी थांबली. कधीही आमच्याबरोबर काम न केलेले ते अधिकारीसुद्धा पेन उचलून तसेच राहिले. इतकी शांतता मी त्या यार्डात कधी ऐकली नव्हती. मला कळलं, की मामांनी ती माझ्यासाठी थांबवून धरलीय आणि पुढच्या दोन शिट्ट्या वाजेपर्यंतच ती टिकणार आहे.

“ती सही माझी आहे,” मी म्हणाले. “मामांची नाही. मी केली. गुरुवारचं पान मी रविवारी लिहिलं होतं. सगळी पानं तशीच आहेत. चार महिन्यांची. मामांनी कधीच सही केली नाही. आपा खरं सांगतायत.”

मग मामांनी दोन शिट्ट्या मारल्या. बाहेर गाडी पुन्हा मागे येऊ लागली, आणि मालकांनी चहा खाली ठेवला.

“तू?” मालक म्हणाले. “तू तर शिकलेली आहेस!”



मामा दाराशी गेले, तारेवरून कडेचा हातमोजा काढला आणि अधिकाऱ्यांसमोर ठेवला. “ह्यो आपाचा, गुरवारचा. बाकीचे त्याच्या आदीचे. मोजून घ्या. ही आमची वही हाय साहेब, जोतिषीची न्हवं.” अधिकाऱ्यांनी त्यात स्वतःचा हात घातला. दोन बोटं बाहेर आली. ते त्या बोटांकडे बघत म्हणाले, “तीन महिन्यांनी येतो. तोपर्यंत जे असेल ते लिहा. फाटकं असेल तर फाटकं लिहा. मला ‘ठीक’ नको, खरं पाहिजे.”

मालकांनी मला काढलं नाही. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि नवव्या दिवशी, दुसरी लिहिणारी कुठे शोधू, असं स्वतःशीच म्हणाले. नव्या जोड्या मात्र दुसऱ्याच दिवशी आल्या, खोकंभर. मामांनी मालकांसमोर एकेक फाटका हातमोजा तारेवरून काढला. तार तशीच ठेवली. “ऱ्हाऊ द्या,” म्हणाले, “लागंल.”

मला सगळ्यात भीती आपांची होती. त्या दिवशी घरी जाताना रिक्षात आम्ही शेजारी बसलो होतो. त्या रस्त्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “मेरे हातमोजे का छेद तू कागद पे सी डाली क्या गे?”

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. घर आल्यावर उतरताना म्हणाल्या, “उद्या गोळी मैं तेरे सामने खाऊंगी. रोज. तू लिख. सच्ची.” महिनाभर मी रोज सकाळी त्यांच्या दारात जाऊन उभी राहायचे. त्या गोळी घ्यायच्या, तोंड वाकडं करायच्या आणि मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचे. काही महिन्यांनी शेवटची तपासणी झाली. सगळं चांगलं निघालं. आपांनी ईद नसताना शीरखुर्मा केला आणि पहिली वाटी मामांना पाठवली. मामांनी निरोप धाडला, की गोड चांगलं हाय, पर रंग सांगितला न्हाय आज.

पण मला सांगायचं आहे ते त्या सोमवारनंतरच्या मंगळवारबद्दल.

मी सहाच्या आधी पोचले. गाडी उभी होती. मी वही घेऊन एकेकासमोर गेले आणि प्रत्येकाला हात पुढे करायला सांगितलं. मला लाज वाटत होती, पण गेले. बोटं बघितली, शिवण बघितली, बुटांचे तळवे बघितले. नवे हातमोजे यायला अजून दुपार व्हायची होती. मी लिहिलं: ‘हातमोजे – सहा जणांपैकी चौघांचे फाटके. आपा गाडीवर नाहीत.’ असं खरं पान लिहायला किती वेळ लागतो, ते मला तेव्हा कळलं. मग वही मामांसमोर धरली.

“वाच,” ते म्हणाले. मी वाचलं. त्यांनी चौघांचे हात पुन्हा स्वतः बघितले. मग गाडीच्या बॉनेटवर वही ठेवली, टॉवेलनं हात पुसले आणि माझ्याकडून पेन घेतलं.

“मामा, मी फार चुकले,” मी म्हणाले.

“नाव माझंच हुतं,” ते म्हणाले. “पर म्या न्हवतो की तितं.”

मग ते सही करायला लागले. जीभ दातांत धरून, एकेक अक्षर वेगळं, पहिलं मोठं, शेवटचं रकान्याच्या बाहेर. मध्ये एकदा थांबून त्यांनी पेनकडे बघितलं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तर त्याला हातानंच गप्प केलं. सही होईपर्यंत कोणी दोन शिट्ट्यांची वाट बघण्याशिवाय काही करू शकत नव्हतं.

“घ्या बाई,” ते म्हणाले. जोतिषी म्हणाले नाहीत, आणि पुढे कधीच म्हणाले नाहीत.

गाडी गेटाबाहेर पडल्यावर मी ते पान उघडून बघितलं. चार महिने मी त्यांच्या नावानं जी सही करत होते, तिच्याशी या सहीचं एकही अक्षर जुळत नव्हतं.